उधळ्या पुत्राचे सहा बुधवार, त्यात थोरल्याला एकच

आधी पैशाचं सांगतो. फी 500 रुपये, त्यात सहा बुधवार संध्याकाळी दीड दीड तास, एक झेरॉक्स बुकलेट आणि चहा बिस्किट. पुण्यातलीच एक मंडळी (म्हणजे चर्च) हा बायबल अभ्यासाचा वर्ग चालवते, नाव लिहीत नाही कारण पुढे तक्रारी आहेत आणि मला तिथं रविवारी तोंड दाखवायचंय.

विषय एकच, बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानाच्या 15 व्या अध्यायातला उधळ्या पुत्राचा दाखला, म्हणजे येशूने सांगितलेली बोधकथा, वचन (म्हणजे क्रमांक घातलेली ओळ) 11 ते 32, म्हणजे सगळी मिळून बावीस वचनं. मी घरी म्हणालो पण की बावीस वचनांना नऊ तास कशाला, संडे स्कूलपासून पाठ आहे, धाकटा पैसे घेऊन गेला, उडवले, डुकरं राखली, परत आला, बापाने मिठी मारली, संपलं. नाव घातलं ते बायकोने लिस्टमध्ये लिहिलं म्हणून.

पहिला बुधवार वाटणीवर. पाळकसाहेबांनी, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंनी, जोरात सुरुवात केली की बाप जिवंत असताना हिस्सा मागणं म्हणजे बापाला तू मर म्हणण्यासारखं. वर्ग एकदम थंड. कारण आपल्याकडे वाटणी म्हणजे रोजचंच, सातबारा निघाला की झालं. मागच्या बाकावरचे एक रिटायर्ड तलाठी काका उठले आणि त्यांनी जे सांगितलं ते बुकलेटमध्ये कुठेच नाही. हिंदू एकत्र कुटुंबात वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाला जन्मापासूनच हक्क असतो, 2005 पासून मुलीला पण, म्हणून बाप जिवंत असताना वाटणी मागता येते. आपल्या ख्रिस्ती लोकांना 1925 चा वारसा कायदा लागू, त्यात असा जन्माचा हक्क नाही, बापाचं ते बाप असेपर्यंत बापाचंच (गोव्याचं वेगळं आहे म्हणाले). आपण राहतो शेजाऱ्यांच्या पद्धतीने म्हणून तो धक्का आपल्याला बसत नाही. मग काकांनीच वचन 12 वाचायला लावलं, बापाने संपत्ती दोघांना वाटून दिली. दोघांना! मी हे वचन आयुष्यात किती वेळा ऐकलं असेल देव जाणे आणि माझ्या डोक्यात कायम धाकट्यानेच पैसे नेले असं होतं. बायबलातल्या अनुवाद नावाच्या पुस्तकातल्या 21:17 प्रमाणे थोरल्याला दुप्पट वाटा, म्हणजे दोन भाऊ असतील तर थोरला दोन तृतीयांश आणि धाकटा एक तृतीयांश. हे लक्षात ठेवा, खाली लागणार आहे.

दुसरा बुधवार डुकरांचा. डुकरं खात त्या शेंगा म्हणजे कॅरोब नावाच्या झाडाच्या, ज्यांच्या ग्रीक नावावरून सोन्याहिऱ्याचा कॅरेट शब्द आला, हे मला माहीत नव्हतं. पण बुकलेटमध्ये सगळा जोर पापावर, दुष्काळाला अर्धी ओळ. वचन 14 मध्ये स्पष्ट आहे की त्या देशात मोठा दुष्काळ पडला. बीडकडच्या एक आजी होत्या त्या म्हणाल्या, बाहत्तरच्या दुष्काळात आमच्याकडे पैसा उधळला नव्हता कुणी, तरी सुकडी आणि लाल मिलो ज्वारी खाल्लीच की. पाळकसाहेब हसले आणि पुढं गेले. जायला नको होतं. त्याने पैसे उडवले हे खरं पण उपाशी पडला तो दुष्काळाने, आणि वचन 16 म्हणतं त्याला कुणी काही दिलं नाही, मग त्या गावाचं काय. याच्यावर एक बुधवार सहज गेला असता.

तिसरा चौथा धावणाऱ्या बापाचा. इथे माझी खरी तक्रार. बुकलेट सांगतं की त्या काळी वयस्कर प्रतिष्ठित माणूस कधीच धावत नसे, म्हणून बाप धावला यातच सगळा चमत्कार. ऐकायला भारी वाटतं. पण त्याच आजींनी पिशवीतलं जीर्ण बायबल काढलं आणि बायबलच्या पहिल्या पुस्तकाचा, उत्पत्तीचा, 18 वा अध्याय वाचला, यहुद्यांचा मूळपुरुष अब्राहाम तीन पाहुणे बघून तंबूच्या दारातून धावत गेला, आणि तेव्हा त्याचं वय नव्व्याण्णव. मग 33 वा, एसाव धावत आला, त्याला पूर्वी फसवलेल्या धाकट्या भावाच्या, याकोबाच्या गळ्यात पडला, मुके घेतले, दोघं रडले. म्हणजे हा दाखला पहिल्यांदा ऐकणाऱ्या यहुदी माणसाला धावणाऱ्या बापापेक्षा तो एसावच आधी आठवला असणार, फसवणाऱ्या धाकट्या भावाला मिठी मारणारा थोरला. बुकलेट छापताना हे कुणी तपासलं नाही का? यहुदी म्हणजे कडक आणि येशू म्हणजे प्रेमळ असं एक सोपं गणित मांडलंय, ते बरोबर नाही वाटलं, येशू स्वतः यहुदीच होता.

एक गोष्ट मात्र पाळकसाहेबांनी छान दाखवली. मुलगा वाटेत भाषण पाठ करून येतो, शेवटचं वाक्य मला तुमच्या एका मोलकऱ्यासारखं ठेवा. प्रत्यक्षात बापासमोर ते वाक्य येतच नाही, बाप आधीच झगा, अंगठी, जोडे आणायला सांगून मोकळा.

पाचवा बुधवार पावसाने गेला आणि तो झूमवर घेतला, अर्धा वेळ कुणाच्या तरी कुकरच्या शिट्ट्या. त्याचे पैसे परत मिळावेत असं नाही पण सांगून ठेवतो.

आणि सहावा, थोरला, म्हणजे धाकटा परतला म्हणून बापाने पुष्ट वासरू कापून मेजवानी केली तेव्हा रागावून बाहेरच थांबलेला भाऊ. मी घरात थोरला आहे. धाकटा अठरा वर्षं कॅनडात, आईबाबांचं हॉस्पिटल, बिलं, गावाकडच्या घराची गळती सगळं मी, आणि तो दोन वर्षांनी आला की घरात सुरमई आणि बिर्याणी. त्यामुळे वचन 29 मला लहानपणापासून पटतं, मला कधी करडूसुद्धा दिलं नाही. आता तलाठी काकांचं गणित लावा. वाटणी झालेली आहे, उरलेलं सगळं थोरल्याच्या नावचं, बाप म्हणतो माझं जे आहे ते तुझंच, ते अगदी सातबाऱ्यासारखं खरं आहे. करडू त्याचंच होतं. पण पुष्ट वासरू पण त्याच्याच वाट्यातलं कापलं, त्याला न विचारता! शेतात कामाला असलेल्या माणसाला वाजंत्री ऐकून चाकराला विचारावं लागतं की काय चाललंय. बापाने दोन मुलं मोजली आणि जेवणाला एकालाच बोलावलं, हे मी वर्गात बोललो तेव्हा पहिल्यांदा सगळे माझ्याकडे वळून बघायला लागले. अजून एक, वेश्यांचा उल्लेख फक्त थोरल्याच्या तोंडी आहे, गोष्ट सांगणारा तसं म्हणत नाही, म्हणजे तो त्याने मनाने लावला. हे ऐकून मी गप्प बसलो कारण कॅनडाबद्दल मी पण बरंच मनाने लावलेलं आहे.

नेमकं इथं रंग चढला आणि वेळ संपली. थोरला आत गेला का नाही हे लूक लिहीतच नाही, कुरकुरणाऱ्या परूशी (यहुद्यांचा एक धर्मनिष्ठ पंथ) आणि शास्त्र्यांना ही गोष्ट सांगितली म्हणून ती अर्धी सोडलीय एवढं दोन मिनिटांत उरकलं. आणि एका मुलीने विचारलं यात आई कुठंय, त्याला उत्तरच नाही. निदान त्याच अध्यायात दहा नाण्यांतलं एक हरवलं म्हणून दिवा लावून घर झाडणारी बाई आहे तिच्यावर तरी बोलायचं.

तरी जा. पाचपैकी साडेतीन देतो, त्यातला दीड मागच्या बाकाचा. बुकलेटच्या भरवशावर राहू नका, घरचं बायबल न्या, उत्पत्ति आणि अनुवादाच्या पानांत आधीच खुणा घालून ठेवा. पंखा फक्त उजवीकडे चालतो आणि तलाठी काका पण तिकडेच बसतात.