मोडीवाचन वर्ग: सात महिन्यांनंतर

मोडी, म्हणजे जुन्या मराठी कागदांची लिपी, शिकायची तर पुणं गाठावं लागणार, असं मी धरून चालले होते. मग इथे ठाण्यातच, नौपाड्यातल्या एका जुन्या ग्रंथालयात दर शनिवारी दुपारी मोडीवाचन चालतं, असं शेजारच्या काकूंकडून कळलं. जूनपासून जातेय. ज्या गावात वि. ल. भाव्यांनी १८९३ साली मराठी ग्रंथसंग्रहालय उभं केलं, तिथे हे शोधायला मला इतकी वर्षं लागली याची खंत वाटते.

पहिला महिना अक्षरं गिरवण्यात गेला. पुढे कळलं की अक्षर ओळखून भागत नाही. आधी ओळभर शिरोरेघ ओढायची आणि तिच्याखाली सलग लिहीत जायचं. शब्दांत अंतर नाही, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही. शब्द कुठे तुटतो ते अर्थावरूनच ठरतं. एकटीने बसले असते तर दुसऱ्याच आठवड्यात वही मिटली असती. इथे एका ओळीवर दहा डोकी वाकतात, कुणी वकील, कुणी निवृत्त तलाठी, आणि तलाठीकाका 'अहो, हे कीर्द असेल', म्हणजे रोजच्या जमाखर्चाची वही, असं म्हणाले की पुढची ओळ आपोआप सुटते.

एकदा सरावाच्या कागदावर 'तिसा सलासीन मया व अलफ' आलं. सर म्हणाले, सुटं करा. तिसा नऊ, सलासीन तीस, मया शंभर, अलफ हजार. शुहूर सन ११३९; शुहूर म्हणजे जुन्या मराठी कागदांवर अरबी आकड्यांत लिहिलेला सन. हा सन मृगाला, म्हणजे जूनच्या सुरुवातीला सुरू होतो, म्हणून इसवी सन काढायला मृगानंतरच्या तारखेला ५९९ आणि आधीच्या तारखेला ६०० मिळवायचे. १७३८-३९, मराठ्यांनी पोर्तुगीजांकडून वसई घेतली ते वर्ष! त्याआधी १७३७ मध्ये मराठ्यांनी घेतलेला ठाण्याचा किल्ला म्हणजे आजचं मध्यवर्ती कारागृह. त्याच्यावरून मी रोज बसने जाते.

महिन्याला एका अभ्यासकाचं व्याख्यान असतं, तेही चांगलं, पण प्रश्नांना वेळ उरत नाही. दप्तरांची, म्हणजे जुन्या कागदांच्या गठ्ठ्यांची, यादी अजून हाती लिहिलेल्या वहीत आहे आणि पाचला दार बंद होतं. नोकरी करणाऱ्याने कागद बघायचा कधी? निदान एक रविवार तरी उघडं ठेवावं. फी मात्र नाममात्र आहे, आणि चुकलं तर कुणी हसत नाही.

डिसेंबरात आजोबांचं मुरबाडकडचं खरेदीखत नेलं. घरात कुणालाच ते वाचता येत नव्हतं. तीन शनिवार लागले. घरी येऊन आईला चतुःसीमा वाचून दाखवली: पूर्वेस ओहोळ. आई म्हणाली, "आहे गं तो अजून. पावसाळ्यात आम्ही तिथेच खेकडे धरायचो."