शनिवारची लीग आणि तीस किलोचं वजन: रत्नागिरीतल्या सिम रेसिंग सेंटरबद्दल

रत्नागिरीत मारुती मंदिर परिसरात, पहिल्या मजल्यावर, आठ रिगचं सिम रेसिंग सेंटर आहे. सिम रेसिंग म्हणजे कॉम्प्युटरवरची गाड्यांची शर्यत, आणि रिग म्हणजे स्टिअरिंग, पेडल आणि पडदा लावलेली बैठक. अर्ध्या तासाला 200 रुपये, तासाला 350. शनिवारी रात्री 8 वाजता लीग असते, तिची फी 500. आठवड्यात कधीही जाऊन गाडी पळवायची असेल तर जागा ठीकठाक आहे, त्याहून जास्त काही सांगण्यासारखं नाही. शनिवारची लीग मात्र खास तिच्यासाठी चिपळूण किंवा राजापूरहून यावं अशी आहे, कारण इथे शर्यत चुरशीची व्हावी म्हणून कोणीतरी बसून विचारपूर्वक नियम केले आहेत. ते नियम कुठे चालतात आणि कुठे फसतात, हे आधी कळलं तर 500 रुपये सत्कारणी लागतील.

आठच जागांच्या लीगचं दुखणं उघड आहे. दर शनिवारी तोच जिंकला की शेवटचे दोघं यायचे बंद होतात, आणि मग सहा गाड्यांत रंगत राहत नाही. हे दुखणं फॉर्म्युला वनलाही आहे. 2023 मध्ये 22 पैकी 21 शर्यती रेड बुलने जिंकल्या, उरलेली एक सिंगापूरला फेरारीच्या साइन्झने. त्यावर तिथे दोन उपाय आधीपासून लावलेले होते. पहिला खर्चाच्या मर्यादेचा: 2021 मध्ये 14 कोटी 50 लाख डॉलर, पुढच्या वर्षी 14 कोटी, मग 13 कोटी 50 लाख, वर महागाईची भर वेगळी. दुसरा उपाय जास्त हुशारीचा. विंड टनेलमधल्या, म्हणजे गाडीवर हवा सोडून तिचा आकार तपासायच्या बोगद्यातल्या, चाचण्यांचा कोटा गुणतक्त्यातल्या जागेवरून ठरतो: पहिल्या संघाला 70 टक्के, पुढे प्रत्येक जागेला 5 टक्के जास्त, दहाव्याला 115 टक्के. आठ आठवड्यांच्या एका टप्प्यात 100 टक्के म्हणजे 320 फेऱ्या. म्हणजे पहिल्याच्या वाट्याला 224 आणि दहाव्याच्या वाट्याला 368. जिंकणाऱ्याची गाडी कोणी जड करत नाही, ती आणखी सुधारण्याची त्याची संधी तेवढी कमी होते. 2024 मध्ये सात वेगवेगळे विजेते झाले आणि मॅक्लारेनने 1998 नंतर पहिल्यांदा संघांचं विजेतेपद घेतलं. याचं सगळं श्रेय या दोन नियमांना देणं बरोबर नाही, पण त्यांचा हात त्यात नक्की आहे.

सेंटरमध्ये विंड टनेल नाही आणि गाडी सगळ्यांची एकच, माझ्दा एमएक्स-5 कप. म्हणून इथे दुसरी वाट धरली आहे, विजेत्यावर वजन टाकायची. ब्रिटिश टूरिंग कारमध्ये 2021 पर्यंत हेच चालायचं, जपानच्या सुपर जीटीत आजही गुणांच्या हिशेबाने गाडीत वजन वाढतं. इथला हिशेब सोपा आहे: पहिल्याला पुढच्या शनिवारी 30 किलो, दुसऱ्याला 20, तिसऱ्याला 10. सहावा किंवा त्याखाली आला की 10 किलो उतरतात. कमाल 60.

हे चांगलं चालतं, आणि का चालतं ते इंग्लंडमधल्या ब्रँड्स हॅचच्या छोट्या ट्रॅकवर डोळ्यांना दिसतं. पॅडॉक हिलचं वळण उताराला आहे. तिथून खाली जाऊन गाडी लगेच ड्रुइड्स या पुढच्या वळणाच्या चढाला लागते. हजार किलोच्या आसपासची, बेताच्या ताकदीची गाडी. तिच्यात 30 किलो वाढले की या चढावर मागची गाडी नाकाला नाक लावते. पण ओव्हरटेक तिथेच होतो असं नाही. जड गाडीला ड्रुइड्सला ब्रेक थोडा आधी लावावा लागतो, आणि हे अंतर जो नीट मोजतो तो वजन असूनही जागा टिकवतो. चांगल्या ड्रायव्हरला वजनाने कठीण जातं, अशक्य होत नाही. नियम बरोबर बसल्याची खूण हीच. शेवटच्या पाच मिनिटांत डावीकडचा पुढचा टायर तापून गाडी बाहेर ओढायला लागते, तेव्हा वजनाचा खरा त्रास कळतो. लागोपाठच्या उजव्या वळणांत सगळा भार त्याच टायरवर येतो.

काही शनिवारी वजनाऐवजी रिस्ट्रिक्टर लावतात, म्हणजे इंजिनला जाणारी हवा कमी करतात. आमच्या मते ते सोडून द्यावं. रिस्ट्रिक्टरचा परिणाम इंजिन वरच्या आरपीएमला असताना होतो, वळणातल्या वेगावर होत नाही. मॉन्झासारख्या लांब सरळ रस्त्यांच्या ट्रॅकवर विजेता अक्षरशः उभा राहतो, आणि ब्रँड्स हॅचवर त्याला फारसा फरकच पडत नाही. एकच आकडा दोन ट्रॅकवर इतका वेगळा वागत असेल तर त्याला न्याय म्हणता येत नाही.

आता मुख्य चूक. लीग असेटो कोर्सा या रेसिंग गेमच्या सर्व्हरवर चालते. प्रत्येक गाडीचं वजन एंट्री लिस्टच्या फाइलमध्ये त्या गाडीच्या नोंदीखाली ‘बॅलास्ट’ या ओळीत लिहितात, आणि ती नोंद खेळाडूच्या स्टीम आयडीला (स्टीम या गेमच्या दुकानातल्या खात्याच्या नंबराला) बांधलेली असते. घरून खेळणाऱ्यांसाठी हे ठीक आहे. सेंटरमध्ये स्टीमचं खातं माणसाचं नसतं, रिगचं असतं. म्हणजे गेल्या शनिवारी 3 नंबरच्या रिगवर बसून जिंकलेला या वेळी 6 नंबरवर बसला, तर त्याचे 30 किलो 3 नंबरवर बसलेल्या नवख्याच्या माथी. हे इथे घडतं, आणि पहिल्या दोन लॅपमध्ये कोणाच्या लक्षातही येत नाही. उपाय पाच मिनिटांचा आहे. आधी रिगच्या चिठ्ठ्या काढायच्या, मग कोण कुठे बसला ते बघून फाइलमध्ये आकडे भरायचे, आणि सर्व्हर बंद करून पुन्हा चालू करायचा. शेवटची पायरी विसरू नये. फाइल सर्व्हर सुरू होतानाच वाचली जाते, सर्व्हर चालू असताना फाइलमध्ये केलेला बदल लागत नाही. तुम्ही लीगला गेलात तर शर्यतीआधी काउंटरवर विचारा, ‘आज माझ्या गाडीला वजन किती?’ उत्तर रिगच्या नंबरावरून आलं तर तिथेच थांबवा.

शनिवारची दुसरी शर्यत उलट्या ग्रिडची, म्हणजे सुरुवातीला गाड्या उभ्या राहतात तो क्रम उलटा. पहिल्या शर्यतीचा निकाल पूर्ण उलटा करतात, आठवा पहिला आणि पहिला आठवा. ऐकायला छान वाटतं, पण यात दोन दोष आहेत. एक, पहिल्या शर्यतीत सातव्या-आठव्या जागेवर असलेल्याला शेवटच्या लॅपला पाय सैल सोडण्यातच फायदा दिसतो. दोन, सगळ्यात नवखा ड्रायव्हर पोलवर, म्हणजे सगळ्यात पुढे, आणि सगळ्यात वेगवान मागून सुसाट येणारा, अशी गर्दी पॅडॉक हिलला एकत्र होते आणि पहिल्याच वळणावर तीन गाड्या मातीत जातात. फॉर्म्युला 2 मध्ये पूर्वी मुख्य शर्यतीच्या निकालातले पहिले आठ उलटे करून स्प्रिंटची, म्हणजे छोट्या शर्यतीची, ग्रिड लागायची. आता पात्रता फेरीतले पहिले दहा उलटे होतात. पात्रतेत मुद्दाम मागे राहणं परवडत नाही, कारण मुख्य शर्यतीची जागाही तिच्यावरच ठरते. ब्रिटिश टूरिंग कारमध्ये किती गाड्या उलट्या करायच्या ते चिठ्ठी काढून ठरतं, त्यामुळे आधी गणित करून मुद्दाम मागे राहायची सोय उरत नाही. इथल्या सर्व्हरला हे जमतं: उलट्या ग्रिडच्या सेटिंगमध्ये -1 लिहिलं की सगळे उलटे, 5 लिहिलं की फक्त पहिले पाच. सेंटरने 4, 5 आणि 6 अशा तीन चिठ्ठ्या ठेवाव्यात आणि पहिली शर्यत संपल्यावर एक काढावी. निवडलेला आकडा सर्व्हरला आधी सांगावा लागतो, म्हणून दुसरी शर्यत वेगळं सत्र म्हणून लावून ग्रिड हाताने लावावी लागेल. तेवढे कष्ट घ्यावेत. शिवाय डॅमेज शून्यावर ठेवलेलं आहे, ते निदान 40 टक्क्यांवर न्यायला हवं. धडक दिल्यावर आपलंही नुकसान होतं हे कळलं की पॅडॉक हिलची गर्दी आपोआप शहाणी होते.

पण वजन, रिस्ट्रिक्टर, उलटी ग्रिड हे सगळं नंतरचं. आधी आठही रिग सारख्या हव्यात, आणि त्या नाहीत. 1 ते 5 वर डायरेक्ट ड्राइव्ह (थेट मोटरवर बसवलेलं) स्टिअरिंग आणि लोड सेलचा ब्रेक आहे. 6 ते 8 वर जुन्या धर्तीचं गियरवर चालणारं स्टिअरिंग आणि पोटेन्शियोमीटरचं पेडल. लोड सेल पायाचा जोर मोजतो, पोटेन्शियोमीटर पेडल किती खाली गेलं ते. कोकणातल्या खाऱ्या, दमट हवेत पोटेन्शियोमीटरच्या आतल्या पट्टीवर मळ धरतो आणि सिग्नल उड्या मारायला लागतो. पाय स्थिर असताना गाडी मध्येच ब्रेक सोडते. जून ते सप्टेंबर हे हमखास होतं. 7 नंबरच्या रिगवर तर पेडल अर्धं दाबलं की ब्रेक पूर्ण लागतो, म्हणजे कॅलिब्रेशनच (पेडलची हालचाल गेमला जुळवून देणं) चुकलंय. अशा रिगवर शून्य किलोने बसलेला ड्रायव्हर 2 नंबरवर 30 किलो घेऊन बसलेल्याच्याही मागे राहतो, आणि मग वजनाचा नियम काय करणार?

बसल्यावर दोन मिनिटांत हे तपासता येतं. कंट्रोलच्या पानावर ब्रेक सावकाश दाबत न्या. पट्टी पायाबरोबर गुळगुळीत चढली पाहिजे, पेडल तळाला लागेल तेव्हाच पूर्ण भरली पाहिजे, आणि पाय काढल्यावर शून्यावर आली पाहिजे. पट्टी थरथरली तर रिग बदलून मागा. काँटॅक्ट क्लीनर मारून तात्पुरतं काम भागतं, पण ते लीग सुरू व्हायच्या आधी करायचं काम आहे. दृश्याचा कोनही बघा, म्हणजे पडद्यावर ट्रॅकचा किती भाग दाखवला जातो ते. पडदे 32 इंची आहेत आणि डोळ्यांपासून साधारण 70 सेंटिमीटरवर. त्या हिशेबाने उभा कोन 32 अंशांच्या आसपास यायला हवा. काही रिगवर तो खूप मोठा ठेवलेला आहे, त्यामुळे वळण लांब वाटतं आणि ब्रेक चुकतो.

लाइटचं सांगायलाच हवं. सर्व्हरला यूपीएस आहे, रिगना नाही. पावसाळ्यात लाइट गेली की आठही जण बाहेर आणि सर्व्हर एकटाच शर्यत चालवत राहतो. यावर सेंटरने केलेला नियम मात्र उत्तम आहे: शेवटच्या पूर्ण झालेल्या लॅपचा क्रम धरून, उरलेल्या वेळेसाठी पुन्हा स्टार्ट. दोन तृतीयांश वेळ झाली असेल तर तोच निकाल. यावर कुठेही वाद होताना दिसत नाही.

रविवारी मोठ्या पडद्यावर फॉर्म्युला वन दाखवतात. युरोपातल्या बऱ्याचशा शर्यती आपल्याकडे संध्याकाळी साडेसहाला सुरू होतात, त्यामुळे घरच्या जेवणाआधी परतता येतं. 2026 चे नवे नियम भिंतीवर मराठीत लिहून लावलेत, आणि बरोबर लिहिलेत: 768 किलो किमान वजन, डीआरएस (ओव्हरटेकसाठी मागचा पंख उघडायची सोय) गेलं, पंख हलते झाले, ताकदीचा जवळपास निम्मा वाटा विजेचा. काउंटरवरचा मुलगा ते समजावूनही सांगतो, कंटाळा न करता. खायला बाहेरचं आणू देतात. कोकम सरबताचा ग्लास मात्र रिगजवळ नेऊ देत नाहीत, ते योग्यच आहे.

लीगला जायचं तर शुक्रवारपर्यंत फोन करून जागा धरा, साडेसातला पोचा, आणि 7 नंबरची रिग वाट्याला आली तर बसायच्या आधी कॅलिब्रेशन करून मागा. गणपतीत चाकरमानी आले की जागा आठ आणि यादी वीसची असते, तेव्हा दहा दिवस आधी सांगून ठेवलेलं बरं.