लेबर केस लावून देतो म्हणणाऱ्याला कोऱ्या स्टॅम्पवर सही देऊ नका

संभाजीनगरच्या एका एमआयडीसीत मी सात वर्षं ठेकेदाराकडं मशीनवर होतो. ऑगस्ट २०२३ मध्ये एक दिवस गेटवर पंचच लागंना, सुपरवायझर म्हणला उद्यापासून येऊ नका. ना नोटीस ना पत्र. मे, जून, जुलैचा पगार १४,५०० प्रमाणे ४३,५०० अडकलेला. ग्रॅच्युइटी वेगळी, बेसिक १३,००० भागिले २६, गुणिले १५, गुणिले सात वर्षं, म्हणजे ५२,५००. नोटीस पे आणि छाटणीची भरपाई सोडूनच ९६,००० होतात, आणि ते माझ्या घामाचे.

मग मला लेबर केस लावून देतो म्हणणारा एजंट भेटला, असले एजंट कसे असतात ते तुम्हाला माहीतच आहे. लेबर ऑफिसच्या बाहेर चहाच्या टपरीवर बसतो, हातात पगाराची स्लीप दिसली की "मामा, काय झालं" म्हणून जवळ येतो. माझ्याकडून फाइलचे ५,००० आणि नोटिशीचे ३,००० घेतले, पावती नाही. अर्ज दिला म्हणून व्हाट्सअ‍ॅपवर फोटो टाकला, त्यावर आवक नंबर, म्हणजे ऑफिसनं अर्ज घेतल्याचा नंबर, नव्हता. पण तो माणूस आत साहेबांसोबत हसत बोलताना मी डोळ्यानं बघितलाय, मग आपल्यासारख्यानं काय समजायचं?

दिवाळीच्या तोंडावर फोन आला, कंपनी नमली, पहिला हप्ता २०,००० देते. टपरीच्या मागं बाकड्यावर त्यानं शंभर-शंभरचे दोन स्टॅम्प पुढं केले, वर चार ओळी टाइप केलेल्या, खाली सगळं कोरं. पान उलटलं तर मागं मुद्रांक विक्रेत्याचा शिक्का, नंबर, तारीख, आणि खरेदी करणाराचं नाव निळ्या पेनानं लिहिलेलं. ते नाव माझ्या ठेकेदाराच्या फर्मचं होतं. मी वाचलं, विचारलं पण. तो म्हणला, "मामा, पैसे ते देणार तर स्टॅम्प त्यांनीच घ्यायचा असतो." हे ऐकून तिथंच उठायला पाहिजे होतं, माझा वकील म्हणून मिरवणारा माणूस समोरच्या पार्टीच्या पैशाच्या कागदावर माझी सही घेतोय हे त्या नावातच लिहिलेलं होतं! पण घरात तीन महिन्यांचा पगार नाही, किराणावाला उधार देईना, पोराची फी राहिलेली, समोर पाचशेच्या नोटा. ज्याच्यावर अशी वेळ आली नाही त्यानं मला शहाणपण शिकवू नये. त्या २०,००० मधले १०,००० त्यानं कमिशन म्हणून तिथंच कापले, आधीचे ८,००० धरले तर मला सुटले २,०००.

पुढं कळलं की कोऱ्या जागेत "सर्व हिशोब मिळाला, राजीखुशीनं काम सोडलं, तक्रार नाही" असं टाइप झालंय आणि माझा अर्ज ऑफिसात कधी गेलाच नव्हता. अनुचित कामगार प्रथेच्या तक्रारीची ९० दिवसांची मुदत पण तोपर्यंत निघून गेली.

ऑफिसात गेलो तर म्हणे सेटलमेंट झालंय, सही तुमचीच ना, पोलिसात जा. ठाण्यात गेलो तर म्हणे कामगाराचा विषय आहे, लेबर कोर्टात जा, सही करताना झोपला होता का. परत ऑफिसात गेलो तर साहेब मीटिंगला, परत गेलो तर साहेब दौऱ्यावर, क्लार्क म्हणतो अर्ज ठेवून जा, पोच मागितली की शिक्का कपाटात आहे आणि चावी दुसऱ्याकडं आहे. तुमच्या दारात रोज एक माणूस कामगाराला लुटायलाय ते तुम्हाला दिसत नाही का? पगार कशाचा घेता मग तुम्ही? आमचा बुडाला तर "बघू", यांचा एक दिवस उशिरा झाला तर संप करतील.

शेवटी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणातून वकील मिळाला, फुकट. १९८७ च्या कायद्यानं औद्योगिक कामगाराला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो, हे एकाही साहेबाच्या तोंडून निघालं नाही. विधी सेवाच्या १५१०० वर फोन करा. वकील म्हणले पगाराचा हक्क अशा कागदानं सोडता येत नाही, १९३६ च्या पगार कायद्यातच तसला करार रद्द धरलाय, ग्रॅच्युइटीचं पण तसंच. आणि ठेकेदारानं पगार बुडवला तर मूळ कंपनीनं द्यायचा असतो. माझं प्रकरण जुन्या कायद्यातलं आहे, नोव्हेंबर २०२५ पासून नवीन लेबर कोड लागू झालेत, मुदती बदलल्यात, तुमची मुदत वकिलालाच विचारा, टपरीवर नाही.

आवक नंबर आणि शिक्का असल्याशिवाय अर्ज दिला असं धरू नका. केस कोर्टात लागली म्हणला तर केस नंबर घ्या आणि ई-कोर्ट्स या कोर्टाच्या वेबसाइटवर स्वतः बघा. पगार स्लीप, पीएफचा नंबर, गेट पासचे फोटो आजच काढून ठेवा, काम गेल्यावर गेटच्या आत कोणी घेत नाही.

आमच्याच गेटवरची अजून काही माणसं त्या एजंटकडं गेलेली आहेत. तुमच्यापैकी कोणी त्याच्या स्टॅम्पवर सही केली असेल तर दोन्ही बाजूंचा फोटो मागा, मागच्या बाजूचा तर आधी, आणि तो देत नसेल तर वाट न बघता विधी सेवाच्या ऑफिसात जा.