६२०च्या स्प्रिंगा: आठ महिने आणि अर्ध्या इंचाचं भांडण

गाडी १९६६ची फोर्ड मस्टँग हार्डटॉप, २८९ घनइंची व्ही-८ इंजिनाची. मसल कारवाले (दांडग्या इंजिनांच्या जुन्या अमेरिकन गाड्यांचे भक्त) 'ही तर पोनी कार', म्हणजे धाकटी स्पोर्टी गाडी, म्हणून नाक मुरडतील, मुरडू देत. मिशिगनमध्ये ती हिवाळाभर गॅरेजात झाकलेली असते आणि बर्फासाठी रस्त्यांवर टाकलेलं मीठ पावसाने धुऊन गेलं की एप्रिलमध्ये बाहेर पडते. यंदा त्याआधी पुढच्या स्प्रिंगा बदलल्या. ६२०च्या, गाडी एक इंच खाली बसवणाऱ्या. जोडी १३० डॉलरला.

आकड्याला घाबरून मी वर्षभर टाळाटाळ केली होती. स्प्रिंग एक इंच दाबायला ६२० पौंडांचा जोर, म्हणजे बैलगाडीच होणार असं वाटायचं. पण या गाडीत स्प्रिंग बसते वरच्या कंट्रोल आर्मवर (चाकाला गाडीशी जोडणारा, वरखाली हलणारा दांडा), आर्मच्या साधारण मध्यावर. चाक दोन इंच उचललं की ती जेमतेम एक इंच दबते, आणि तिचा जोरही चाकापर्यंत अर्धाच पोचतो. म्हणजे चाकाला जाणवतो तो कडकपणा सुमारे चौथा हिस्सा. जुन्याच स्प्रिंगा कापून फुकटात काम उरकायचा मोहही झाला होता. पण तिथेही हाच हिशेब लागतो: स्प्रिंगमधून एक इंच उंची गेली तर गाडी दोन इंच बसते. कापलेली परत जोडता येत नाही, म्हणून हात आवरला.

स्प्रिंग दाबून धरायचा कॉम्प्रेसर डिपॉझिट भरून भाड्याने आणला. तो लावून स्प्रिंग तिच्या टॉवरमध्ये (चाकावरच्या पत्र्याच्या घरात) सरकवताना कुलदैवत आठवतं, एवढंच सांगतो.

गाडी खाली उतरवली, फेंडरच्या कडेपासून चाकाच्या मध्यापर्यंत टेप लावली. डावी बाजू अर्धा इंच खाली! तिथून माझं डोकं फिरलं. पाचशे मैल चालवून स्प्रिंगा बसू दिल्या, पुन्हा मोजलं. अर्धा इंच तस्साच. (त्याआधीच घाईने चाकांची अलाइनमेंट करून घेतली होती. ती परत करावी लागली, पैसे पुन्हा गेले.) विकणाऱ्याला फोन, फोटो, मेल. त्याचं एकच पालुपद: एकदा बसवलेला माल परत घेत नाही. मी 'जोडीतला एक नग सदोष' म्हणून दीड महिना भांडलो. बायको म्हणाली, "अहो, गाडी चालवता की मोजता?"

शेवटी एका रविवारी डावी स्प्रिंग उजवीकडे, उजवी डावीकडे केली. डावी बाजूच खाली! म्हणजे स्प्रिंगा निर्दोष. मग मागच्या आसाच्या मध्यावरच्या डिफरन्शियलखाली मधोमध जॅक लावून मागची चाकं उचलली, म्हणजे मागच्या डाव्या-उजव्या फरकाचा पुढे परिणाम उरत नाही. पुढे टेप लावली, तर दोन्ही बाजू समान. दोषी निघाले मागचे पाटे, म्हणजे मागच्या चाकांवरच्या पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगा. डावा पाटा साठ वर्षांचा थकलेला, आणि मी मागे कधी मोजलंच नव्हतं. जुन्या स्प्रिंगा असतानाही पुढे मोजलं नव्हतं, म्हणजे हा अर्धा इंच बहुधा आधीपासूनचाच. विकणाऱ्याला माफीची मेल टाकली. उत्तर नाही आलं.

बाकी स्प्रिंगांचं काय? मे महिन्यात मी दोनच तारे दिले असते. हायवेच्या काँक्रीटच्या सांध्यांवर नाक होडीसारखं वरखाली व्हायचं. जुने शॉक (स्प्रिंगेची उसळी शमवणारे शॉक अ‍ॅब्सॉर्बर) तसेच ठेवायची काटकसर नडली. इतक्या कडक स्प्रिंगेची उसळी आवरण्याचा दम त्यांच्यात नव्हता. चांगले शॉक लावल्यावर तीच गाडी वळणावर पूर्वीसारखी लोळत नाही, ब्रेक दाबल्यावर नाक घासत नाही. खड्डा मात्र कमरेला कळतो, आणि आमच्याकडे बर्फ वितळल्यावर खड्ड्यांना तोटा नाही. आता चार तारे. नुसतं रविवारी आइस्क्रीमला जायचं असेल तर मूळच्या मऊ स्प्रिंगाच घ्या.

मागच्या चार पानी (चार पट्ट्यांच्या) पाट्यांच्या जोडीचा भाव काढला, या स्प्रिंगांच्या दुपटीहून जास्त निघाला. एप्रिलला बघू. तोवर फोटो उजव्या बाजूने काढतो.