साउंडबारचं ‘डॉल्बी रिन्यू’ करायला आलेला माणूस

नाशिकमध्ये, विशेषतः इंदिरानगर ते पाथर्डी फाटा या भागात राहणाऱ्यांनी हे जरूर वाचावं, आणि घरात वयस्कर माणसं दुपारी एकटी असतील तर त्यांनाही वाचून दाखवावं. साउंडबारच्या (टीव्हीखाली ठेवायच्या लांबट स्पीकरच्या) कंपनीचा सर्व्हिस इंजिनिअर आहे असं सांगून एक माणूस घरी येतो, ‘डॉल्बीचं लायसन्स संपलंय’ (डॉल्बी म्हणजे बारमधलं आवाजाचं तंत्र) म्हणतो आणि आवाज सुधारून देण्याचे पैसे घेतो. आमच्याकडून त्याने ७,४०० रुपये नेले. तेव्हा आई-बाबा दोघंच घरी होते, मी अंबडला ड्युटीवर होतो.

साउंडबार आम्ही दिवाळीत एम. जी. रोडवरून घेतला होता. ५.१ चा, म्हणजे आवाजाचे पाच वेगळे चॅनेल आणि खर्जासाठी वेगळा स्पीकर, वूफर. दुकानदाराबद्दल तक्रार नाही, पक्कं बिल आहे. तक्रार होती ती आवाजाची. आवाज भरपूर यायचा, पण बोलणं कळायचं नाही. पार्श्वसंगीत घुमायचं आणि ‘काय म्हणाला गं तो?’ असं बाबा आईला सारखं विचारायचे. बाबा ७२ वर्षांचे आहेत. वयानुसार कान आधी वरच्या पट्टीतले आवाज सोडतो, म्हणजे स, श, फ अशी व्यंजनं, आणि शब्द ओळखू येतो तो मुख्यतः त्यांच्यावरूनच. त्यामुळे त्यांची अडचण खरी होती.

त्यांनी मोबाईलवर कंपनीचं नाव घालून ‘सर्व्हिस सेंटर नाशिक’ असं शोधलं आणि सगळ्यात वर आलेला नंबर लावला. ती पैसे देऊन लावलेली जाहिरात होती. त्यावर कंपनीचा लोगो होता आणि फोन उचलणाऱ्या मुलीनेही कंपनीचंच नाव घेतलं. कुणालाही खरंच वाटलं असतं.

माणूस त्याच दुपारी आला. गळ्यात आयकार्ड, हातात बॅग, बोलायला अत्यंत नम्र. ‘काका, तुम्ही बसा, मी बघतो’ म्हणत त्याने आधी बातम्यांचं चॅनेल लावलं, बराच वेळ दोन्ही रिमोट हाताळले आणि मग निदान सांगितलं : डॉल्बी एक्स्पायर झालंय, आतलं डीएसपी कार्ड (आवाजावर प्रक्रिया करणारं) अपडेट करावं लागेल, सोबत आलेली, टीव्ही आणि बार जोडणारी एचडीएमआय केबल ‘लो ग्रेड’ आहे, आणि लाइटच्या चढउतारामुळे आवाज फाटतोय. त्याने साउंडबार उलटा केला, स्क्रू काढले, सील फाडलं, आत काहीतरी केलं आणि परत बंद केला. सोनेरी पिनांची जाड केबल लावली, भिंतीतल्या प्लगमध्ये हिरवा दिवा लागणारी एक डबी खोचली. डॉल्बीचे ३,२००, केबलचे २,४००, डबीचे १,८००. पैसे यूपीआयने, कंपनीच्या नव्हे तर एका व्यक्तीच्या खात्यावर. पावती हाताने लिहिलेली, तिच्यावर ना जीएसटी क्रमांक, ना पत्ता. जाताना आमची मूळ केबलही ‘निकामी आहे’ म्हणून घेऊन गेला.

आता सगळ्यात महत्त्वाचं. पैसे घेण्याआधी त्याने आई-बाबांना फरक ऐकवला होता, आणि त्यांना तो खरोखर ऐकू आला होता. फसवणुकीची सगळी मदार या ‘आधी-नंतर’वर असते, म्हणून ते कसं केलं जातं ते सांगतो.

आधी त्याने ऐकवल्या त्या सेट-टॉप बॉक्सवरच्या बातम्या, कमी आवाजात, आणि आईला आठवतं त्याप्रमाणे, त्याने रिमोटवरचं ‘नाइट’ बटण दाबून. नाइट मोडमध्ये मोठे आवाज मुद्दाम दाबले जातात, खर्ज कमी होतो. नंतर ऐकवली ती पेनड्राइव्हवरची स्वतः आणलेली क्लिप : पाऊस, विजा, हेलिकॉप्टर. मोड बदललेला, वूफरची लेव्हल पूर्ण वर, आवाजही चढवलेला. १९३३ मध्ये अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत फ्लेचर आणि मन्सन या दोघांनी मोजून दाखवलं की हळू आवाजात माणसाच्या कानाला खर्जाचे स्वर फार कमी ऐकू येतात आणि आवाज वाढवला की तेच भरून येतात. म्हणजे तीच क्लिप, तोच बार, नुसता आवाज चढवला तरी ऐकणाऱ्याला ‘क्वालिटी सुधारली’ असं वाटतं. थोडासा फरक असेल तर आवाज वाढलाय हेही लक्षात येत नाही, नुसतं जास्त छान वाटतं. त्यामुळे कुणीही, अगदी दुकानातसुद्धा, फरक ऐकवत असेल तर एकच गोष्ट मागा : दोन्ही वेळा तेच दृश्य, तोच मोड, तेवढाच आवाज. आणि रिमोट आपल्या हातात ठेवा.

संध्याकाळी आईने मालिका लावली तेव्हा बोलणं आधीपेक्षाही कमी कळत होतं. साहजिकच, वूफर पूर्ण वर होता. मी घरी आलो, पावती पाहिली आणि वॉरंटी कार्डवर छापलेल्या नंबरवर फोन केला. त्यांच्याकडे आमच्या नावाची कुठलीच तक्रार नोंदलेली नव्हती.

खरा इंजिनिअर आला. त्याने बार उघडून मला दाखवलं. बोर्ड कारखान्यातून आला तसाच, नवीन कार्ड वगैरे काही नाही, एक स्क्रू मात्र गायब. फाटलेल्या सीलमुळे त्याला जॉबशीटवर ‘टँपर्ड’ (छेडछाड झालेली) लिहावं लागलं आणि आमची उरलेली वॉरंटी गेली. ७,४०० रुपयांपेक्षा हे नुकसान मला मोठं वाटतं. हिरव्या दिव्याची डबी आमच्या ओळखीच्या वायरमनने उघडली : एक छोटा कपॅसिटर, दिवा आणि रेझिस्टन्स. तिने आवाजात काडीचाही फरक पडत नाही. (अशी डबी घरच्या घरी उघडू नका, प्लगमधून काढल्यावरही कपॅसिटरमध्ये वीज साठून राहू शकते.)

डॉल्बीचं लायसन्स ग्राहकाने रिन्यू करायचं नसतं. ती फी वस्तू बनवणारी कंपनी भरते, त्याला घरी मुदत नसते. फर्मवेअर (आतलं सॉफ्टवेअर) अपडेट असेलच तर ते कंपनीच्या अ‍ॅपवरून किंवा वेबसाइटवरून पेनड्राइव्हवर घेऊन होतं, फुकट. आणि एचडीएमआयमधून आवाज आकड्यांच्या रूपात जातो. केबल खराब असेल तर आवाज तुटतो, मधेच जातो, अजिबात येत नाही. ‘बास कमी, क्लॅरिटी कमी’ असं होत नाही. सोन्याचा मुलामा पिनेला गंज चढू नये म्हणून असतो, आवाज गोड व्हावा म्हणून नाही.

मग बोलणं कळत का नव्हतं? टीव्हीच्या साउंड सेटिंगमध्ये डिजिटल आउटपुट ‘पीसीएम’वर (साध्या डिजिटल आवाजावर) होतं. त्यामुळे आमचा टीव्ही बारकडे फक्त डावा-उजवा असे दोन चॅनेल पाठवत होता. ५.१ मध्ये संवाद मुख्यतः मधल्या स्पीकरमधून येतात, तो वेगळा चॅनेल बारपर्यंत पोचतच नव्हता. हे सेटिंग ‘ऑटो’ किंवा ‘पास-थ्रू’ केलं की झालं. डॉल्बी रिन्यू करणाऱ्याने ते पाहिलंसुद्धा नव्हतं! केबल टीव्हीच्या ‘एआरसी’ (टीव्हीचा आवाज बारकडे परत पाठवणारी सोय) लिहिलेल्या पोर्टलाच हवी. ही सोय २००९ च्या एचडीएमआय १.४ पासून आहे, आणि ओटीटीवरच्या ५.१ ला ती पुरते. ‘ईएआरसी (एआरसीची सुधारित आवृत्ती) नाही म्हणून नवा टीव्ही घ्या’ असं कुणी म्हणालं तर लगेच पैसे काढू नका. ब्लूटूथने जोडला असेल तर मात्र ५.१ विसरा, तिथे दोनच चॅनेल मिळतात.

बाकीचं घरातलंच होतं. बार टीव्ही युनिटच्या खणात आत सरकवलेला होता, तो पुढच्या कडेला आणला. वूफर कोपऱ्यातून बाहेर काढला, कारण दोन भिंतींच्या कोपऱ्यात खर्ज फुगतो आणि बोलण्यावर चढतो. त्याची लेव्हल खाली घेतली, ‘व्हॉइस’ मोड लावला. आमच्या हॉलमध्ये चकचकीत टाइल्स आणि मोकळ्या भिंती. आईने जुनी जाड सतरंजी अंथरली आणि खिडकीला जाड पडदा लावला, त्याने घुमणं कमी झालं. सतरंजी वूफरची धडधड शोषत नाही, पण बोलण्याची धार परत येते. बाबा आता आईला विचारत नाहीत. या सगळ्याला खर्च आला तो फक्त नेलेल्या केबलच्या जागी साधी केबल घेण्याचा.

तक्रारीचं म्हणाल तर पैसे ऑनलाइन गेले असतील तर तासाभराच्या आत १९३० (सायबर फसवणुकीची हेल्पलाइन) वर फोन करा, उशीर केला की रक्कम पुढे वळती होते. ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे. सेवा देणाऱ्याचं नाव-पत्ता हाती असेल तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येतं : २०१९ च्या कायद्याप्रमाणे दोन वर्षांच्या आत, ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, वकील लावण्याची सक्ती नाही. आमच्या बाबतीत पत्ताच नाही, म्हणून पोलिस ठाण्यात अर्ज दिलाय. फसवणूक आता भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ मध्ये येते, जुनं ४२० आठवत असेल तर तेच.

पैसे अजून मिळालेले नाहीत. तोच मोबाईल नंबर सध्या वॉटर प्युरिफायरच्या सर्व्हिसिंगच्या जाहिरातीत दिसतो, दुसऱ्याच कंपनीच्या लोगोखाली. हा माणूस तुमच्याकडे येऊन गेला असेल तर पावती, यूपीआयचा व्यवहार क्रमांक आणि कॉलची नोंद जपून ठेवा आणि तुमच्या हद्दीतल्या ठाण्यात वेगळा अर्ज द्या. एकाच नंबरविरुद्ध अनेक अर्ज आले तर तपासाला जोर येतो, असं आमचा अर्ज घेणाऱ्या साहेबांनी सांगितलं आहे.