हॉलिवूड फॉरेव्हर: व्हॅलेंटिनोला भेटायचं तर कप्पा क्रमांक १२०५

लॉस एंजेलिसच्या सांता मोनिका बुलेव्हार्डवर, पॅरामाउंट स्टुडिओच्या पाठीला लागून ही दफनभूमी आहे. स्थापना १८९९ची. मधल्या काळात पार रया गेली, दिवाळं निघालं. १९९८मध्ये नवा मालक आला, डागडुजी झाली आणि आजचं नाव पडलं. प्रवेशाला पैसे लागत नाहीत, गाडी आतल्या रस्त्याच्या कडेला लावता येते, गाडी नसेल तर ४ क्रमांकाची बस. मूकपटांच्या चाहत्यांसाठी या भागात याहून सोयीची जागा नाही. तिकडे ग्लेनडेलच्या फॉरेस्ट लॉनमध्ये मेरी पिकफर्ड कुलूपबंद बागेत आहे, लॉन चेनीच्या कप्प्यावर (म्हणजे शवपेटी ठेवायच्या भिंतीतल्या खणावर) तर नावच नाही. दोघंही मूकपटांतले तारे. इथे मूकपटांचा गाजलेला नायक रुडॉल्फ व्हॅलेंटिनोच्या हातभर अंतरावर उभं राहता येतं.

मात्र भव्य काही बघायला मिळेल असं समजून जाऊ नका. १९२६ साली न्यूयॉर्कमध्ये ज्याच्या अंत्यदर्शनाला लाखभर माणसं लोटली, रेटारेटीत काचा फुटल्या, तो भिंतीतल्या एका साध्या संगमरवरी कप्प्यात आहे. तोही उसना! अल्सर फुटून संसर्ग पोटभर पसरला आणि शस्त्रक्रियेनंतर आठ दिवसांनी, २३ ऑगस्टला, ३१व्या वर्षी तो गेला. स्वतःसाठी जागा घेतलेली नव्हती. ज्यांच्या आग्रहामुळे त्याला १९२१मध्ये पहिली मोठी भूमिका मिळाली, त्या पटकथालेखिका जून मॅथिस यांनी आपल्याकडचा कप्पा तात्पुरता दिला. मोठ्या स्मारकाचे बेत झाले आणि बारगळले. पुढच्याच वर्षी मॅथिसही वारल्या, तेव्हा त्याला त्यांच्या नवऱ्यासाठी राखलेल्या लगतच्या कप्प्यात हलवलं. ‘तात्पुरतं’ ते आजवर. शेजारच्या कप्प्यावरचं नाव वाचल्याशिवाय तिथून निघू नका, खरी गोष्ट तिथेच आहे.

आता शोधायचं कसं. परिसर ६२ एकरांचा. प्रवेशद्वाराजवळच्या फुलांच्या दुकानात नकाशा विकत मिळतो, तो घ्याच. लांबलचक हौदाच्या टोकाला दिसणारं दिमाखदार स्मारक डग्लस फेअरबँक्स या दुसऱ्या नटाचं, तिथे फसू नका. व्हॅलेंटिनो शेजारच्या कॅथीड्रल मॉसोलियममध्ये, म्हणजे दफनकप्प्यांच्या इमारतीत आहे. आत कप्प्यांच्या भिंती एकसारख्या, त्यामुळे नाव हुडकत बसण्यापेक्षा १२०५ हा क्रमांक धरून चला. एका आडव्या बोळाच्या टोकाला, रंगीत काचेच्या खिडकीजवळ तो सापडतो. पाटीवर जन्मनावासकट ‘रोडोल्फो गुलिएल्मी व्हॅलेंटिनो’ असं आहे, दोन्ही बाजूंना फुलदाण्या. फुलं न्यायची तर लांब दांड्याची दोनचारच न्या, गुच्छ त्यात मावत नाही. फोटोला फ्लॅश नको. घासलेल्या दगडावरून उजेड परततो आणि नेमकी पाटीच पांढरी पडते.

चाहते दगडावर लिपस्टिकचे ओठ उमटवतात. प्रेम कळतं, पण संगमरवर तेल शोषतो. डाग आत मुरला की पुसून जात नाही, आणि आम्लाचा क्लीनर लावला तर दगडाची चकाकीच जाते.

२३ ऑगस्टला दुपारी १२ वाजून १० मिनिटांनी, म्हणजे त्याच्या मृत्यूच्या वेळेला, इथे दरवर्षी स्मृतिसभा होते. काळ्या पोशाखातली बाई त्याच्यासाठी फुलं घेऊन येते, ती प्रथाही तेव्हाच दिसते. शांतपणे पाहायचं असेल तर तो दिवस टाळा. उन्हाळ्यात रात्री याच इमारतीच्या बाहेरच्या भिंतीवर सिनेमे दाखवतात. काहींना हे खटकतं. नटांच्या शेजारी पडदा लागावा यात वावगं काय, असं आमचं मत. मात्र इमारतीचं दार किती वाजता बंद होतं ते फाटकावरच विचारून घ्या.

त्याच छताखाली आणखी दोघं आहेत. मूकपटांतली नटी बार्बरा ला मार, तीही १९२६मध्येच गेली. आणि १९२२मध्ये खून झालेला दिग्दर्शक विल्यम डेस्मंड टेलर; पण टेलर नाव शोधाल तर दिवसभर सापडणार नाही, पाटी ‘डीन-टॅनर’ या खऱ्या आडनावाची आहे.