चौदा महिने, ५८ लेख, ३८६ डॉलर: लेख लिहून कमावण्याचा माझा अनुभव

पहिल्या महिन्याची कमाई ४३ सेंट होती. एक डॉलरसुद्धा नाही. तरी मी त्या आकड्याचा स्क्रीनशॉट काढून ठेवला, आणि त्याच रात्री मनातल्या मनात गुणाकार केला: चार लेखांना एवढे, तर चाळीस लेखांना किती? मी हिशेबाच्या कामातच आहे, दिवसभर एक्सेलमध्ये डोकं घालून बसते. माझ्याकडून तरी असला गुणाकार व्हायला नको होता.

ज्या साइटवर लिहिते तिचं नाव घेत नाही, कारण पुढे तक्रारी येणार आहेत आणि मला भांडण काढायचं नाही. शिवाय या वळणाच्या सगळ्या साइट्सचा गाभा एकच असतो. वाचक महिन्याची किंवा वर्षाची वर्गणी भरून सभासद होतात, लेख पेवॉलच्या (वर्गणी भरल्याशिवाय न उघडणाऱ्या कुंपणाच्या) आत असतो, आणि वर्गणीतला काही भाग लेखकांत वाटला जातो. कोणाला किती, हे ठरवायचं सूत्र साइटचं. मीडियमचं उदाहरण बहुतेकांना माहीत असेल. २०१२ साली सुरू झालेल्या या साइटने २०१७ मध्ये लेखकांना पैसे द्यायला सुरुवात केली तेव्हा वाटणी टाळ्यांवर होती (एक वाचक एका लेखाला ५० पर्यंत टाळ्या देऊ शकतो). २०१९ मध्ये ती वाचनाच्या वेळेवर आली, २०२३ मध्ये परत बदलली. म्हणजे सहा वर्षांत सूत्राची तीन रूपं. हे मी आधी नीट वाचलं असतं तर दहाव्या महिन्यात माझा जो तळतळाट झाला तो जरा कमी झाला असता. त्यावर येतेच.

मला सगळ्यांत उशिरा कळलेली गोष्ट ही, की इथे लिहिल्याचे पैसे मिळत नाहीत. वर्गणी भरलेला वाचक तुमच्या लेखावर थांबला, तर त्याचे मिळतात. यात दोन अटी आहेत आणि दोन्ही तुमच्या हातात नाहीत. गुगलवरून हजार माणसं आली आणि त्यांतला एकही सभासद नसला तर डॅशबोर्डवरचा (लेखकाला आपले आकडे दाखवणाऱ्या पानावरचा) आलेख डोंगरासारखा चढतो, आणि शेजारी कमाईच्या रकान्यात शून्य. मी हे तिसऱ्या महिन्यात पाहिलं. ९०० च्या वर व्ह्यूज, ११ सेंट. वाटलं, साइटच बिघडली. सपोर्टला पत्रही पाठवलं. उत्तर सभ्य आलं आणि बरोबर आलं: तुमचे बहुतेक वाचक सभासद नाहीत.

दुसरं म्हणजे प्रत्येक सभासद सारख्या भावाचा नसतो. माझ्या साइटवर वाचकाची वर्गणी तो महिनाभरात ज्यांना ज्यांना वाचतो त्यांच्यात विभागली जाते. एकदा एका दिवसात दोनच वाचनं झाली. एकाचे २ डॉलर १० सेंट आले, दुसऱ्याचे ३ सेंट. पहिल्याने त्या महिन्यात बहुधा माझ्याशिवाय फारसं काही वाचलं नसावं. दुसरा रोज रात्री साइटवर पडीक असणार. गंमत अशी की साइटवर खरं प्रेम करणारा, टाळ्या वाजवणारा, कमेंट टाकणारा वाचक लेखकाला सगळ्यांत कमी देऊन जातो.

आता ज्या लेखाने मला जगवलं त्याबद्दल.

सुरुवातीला मी 'विचार' लिहीत होते. घरखर्चाची वही का ठेवावी, आकड्यांची भीती कुठून येते, असं. एका लेखावर तर सलग तीन रविवार घालवले. त्याची चौदा महिन्यांची एकूण कमाई ६८ सेंट आहे. पाचव्या महिन्यात कामाच्या ठिकाणी एक सहकारी एक्सेलशी झुंजत होता. व्हीलुकअप (एखादा नंबर दुसऱ्या यादीत शोधून त्याच्यापुढची माहिती आणणारा फॉर्म्युला) '#एन/ए', म्हणजे 'सापडलं नाही', असं दाखवतंय, आणि तो नंबर तर समोर यादीत दिसतोय. जाऊन पाहिलं तर एका रकान्यातले आकडे सेलच्या उजव्या कडेला आणि दुसऱ्यातले डाव्या कडेला, कोपऱ्यात इवलासा हिरवा त्रिकोण. म्हणजे आकडा नाही, आकड्यासारखा दिसणारा मजकूर. डोळ्यांना दोन्ही १०४७, एक्सेलला एक संख्या आणि एक शब्द. पाच मिनिटांत सुटलं. त्या रात्री जेवणानंतर दीड तासात मी तेवढंच लिहून काढलं: मजकूर झालेले आकडे, नावांमागे लपलेली मोकळी जागा आणि ती काढणारं ट्रिम, आणि फॉर्म्युल्यात चौथ्या जागी 'फॉल्स' (म्हणजे तंतोतंत जुळेल तेच शोध) लिहायचं राहिलं की व्हीलुकअप चूक न दाखवता बिनधास्त चुकीचं उत्तर देतं ते. स्क्रीनशॉट पाच. ना प्रस्तावना, ना विचार.

पहिले काही आठवडे त्या लेखाला कुत्रंही विचारत नव्हतं. ४१ व्ह्यूज. मग सातव्या महिन्यात साइटने तो कुठेतरी वर ढकलला आणि त्या एका महिन्यात एकूण ७४ डॉलर आले. आजवरच्या ३८६ मधले १७१ डॉलर त्या एकट्याचे आहेत. उरलेल्या ५७ लेखांपैकी निम्म्याहून जास्त लेखांनी प्रत्येकी एक डॉलरसुद्धा कमावलेला नाही.

यातून मी काय काढलं? अडकलेला माणूस थांबतो. तो लेख चाळत नाही, शेजारी आपली फाइल उघडी ठेवून एकेक ओळ करून बघतो, परत वर जातो, परत वाचतो. वाचनाचा वेळ असा जमतो. मीडियमवर लेखाच्या डोक्याशी जी 'इतक्या मिनिटांचं वाचन' अशी पाटी असते ती मिनिटाला सुमारे २६५ शब्द या हिशेबाने काढलेली असते. माझा व्हीलुकअपचा लेख त्या हिशेबाने चार मिनिटांचा होतो, पण माझ्या डॅशबोर्डवर त्याचं सरासरी वाचन सहा मिनिटांच्या पुढे आहे. विचारांच्या लेखांचं सव्वा मिनिट. वाईट वाटतं, पण सव्वा मिनिटच.

(या साइट्सवर सगळ्यांत जोरात काय चालतं माहितीय? या साइटवर पैसे कसे कमवायचे, यावरचे लेख. 'पहिल्याच महिन्यात हजार डॉलर' वगैरे. तो लेख वाचणारेही लेखकच, वर्गणी भरणारेही लेखकच. मीसुद्धा असे पंधरा-वीस वाचले आणि त्यांच्या कमाईत माझी भर घातली. आता हा अनुभव लिहितेय, म्हणजे मीही त्याच पंगतीत बसले म्हणायचं.)

दहाव्या महिन्यात साइटने सूत्र बदललं. महिनाअखेरीस एक गोड ईमेल, 'दर्जेदार लेखनाला अधिक न्याय' अशा थाटाचं. माझ्या बाबतीत तो न्याय असा झाला: सभासदांची वाचनं जवळपास तेवढीच, कमाई ६१ डॉलरवरून २८ वर. नव्या सूत्रात नेमकं कशाला किती वजन, ते कुठेही स्पष्ट लिहिलेलं नाही. माझी खरी तक्रार हीच आहे. कमी द्या, पण कसं मोजलं ते सांगा. कामाच्या ठिकाणी मी असा हिशेब पुढे सरकवला तर कोणी सही करणार नाही.

पैसे हातात येण्याची गोष्ट वेगळीच. माझ्या साइटवर दहा डॉलर जमेपर्यंत रक्कम सुटत नाही. पहिल्या चार महिन्यांचं मिळून १० डॉलर ६२ सेंट झालं आणि पाचव्या महिन्यात पेमेंट निघालं. निघालं आणि परत गेलं. बँक खात्यावर माझं मधलं नाव पूर्ण आहे, मी कराच्या फॉर्मवर नुसतं आद्याक्षर लिहिलं होतं. पेमेंट करणाऱ्या मधल्या कंपनीला ती दोन वेगळी माणसं वाटली. म्हणजे १०४७ आणि १०४७. व्हीलुकअपवर लेख लिहिणाऱ्या बाईचं पेमेंट '#एन/ए' झालं. दुरुस्तीला पाच आठवडे गेले, त्यात तीनदा तेच ओळखपत्र अपलोड केलं.

त्या फॉर्मबद्दल थोडं, कारण नवे लोक इथेच घाबरतात. साइट अमेरिकन असेल आणि तुम्ही अमेरिकेबाहेरचे असाल तर डब्ल्यू-८बेन नावाचा फॉर्म भरावा लागतो. तिथल्या उत्पन्नावर सरसकट कापला जाणारा कर ३० टक्के आहे. तुमच्या देशाचा अमेरिकेशी करार असेल तर दर कमी होऊ शकतो, पण तो फॉर्ममध्ये मागावा लागतो, आपोआप मिळत नाही. फॉर्म साधारणपणे सही केलेलं वर्ष आणि त्यापुढची तीन कॅलेंडर वर्षं चालतो, नंतर नवा. आणि हे झाल्यावरही आपल्या देशात ते उत्पन्न दाखवावं लागतंच. रक्कम फुटकळ आहे म्हणून सोडून देऊ नका.

चोरीही झाली. व्हीलुकअपचा लेख आहे तसा उचलून दुसऱ्या एका साइटवर कोणाच्या तरी नावाने लागला होता. माझा म्हणून ओळखायला कष्ट पडले नाहीत, कारण तिसऱ्या परिच्छेदातली माझी टायपिंगची चूकही प्रामाणिकपणे उतरवली होती. अमेरिकेच्या १९९८ च्या कॉपीराइट कायद्याखाली, म्हणजे डीएमसीएखाली, नोटीस पाठवायची सोय असते. पाठवली. नवव्या दिवशी लेख उतरला. माझ्या लेखातली ती चूक मी मुद्दाम अजून ठेवली आहे.

एआयचा मुद्दा टाळता येत नाही. मीडियमने मे २०२४ पासून एआयने लिहिलेले लेख पेवॉलमागे ठेवून कमवायला बंदी केली. माझ्या साइटचाही तसाच नियम आहे, आणि नियम योग्यच आहे. पण अंमलबजावणी कशी? माझ्या एका लेखाला 'संशयास्पद' म्हणून आठवडाभर कमाईतून बाहेर ठेवलं. तो पिव्हट टेबलवरचा (एक्सेलमध्ये मोठ्या यादीचा गोषवारा काढायची सोय), पायऱ्या-पायऱ्यांचा कोरडा लेख होता. माझी भाषा मशिनसारखी आहे हे मी एकवेळ मान्य करेन, पण स्क्रीनशॉटमध्ये माझ्या हाताने काढलेले वाकडे बाण होते हो! कच्चा मसुदा पाठवल्यावर सोडलं. तेव्हापासून प्रत्येक लेखाचा पहिला मसुदा तारखेसह जपून ठेवते.

दुसरीकडे जाऊन पाहिलं का, असं कोणी विचारेल. यापूर्वी दोन वर्षं माझा स्वतःचा ब्लॉग होता, अ‍ॅडसेन्स, म्हणजे गुगलच्या जाहिराती, लावलेला. तिथे १०० डॉलर झाल्याशिवाय पैसे सुटत नाहीत आणि माझे कधी झालेच नाहीत. सबस्टॅकचाही विचार केला, जिथे वाचक थेट एका लेखकाची वर्गणी भरतात. तिथे सशुल्क वर्गणीतले १० टक्के त्यांचे, शिवाय कार्ड पेमेंटचा खर्च, बाकी तुमचे. वाचकांचे ईमेल पत्तेही तुमच्या हातात राहतात, हा खरा फायदा. पण तिथे माणसं 'तुम्हाला' वाचायला पैसे भरतात. माझ्याकडे येणाऱ्याला मी कोण आहे याच्याशी काही देणंघेणं नसतं, त्याला त्याचा फॉर्म्युला चालू करून हवा असतो. तो सुटला की तो गेला. अशा वाचकाकडून दरमहा वर्गणी कशी मागणार? मला वाटतं माझ्यासारखीला वर्गणीची एकत्र वाटणी करणारी साइटच बरी.

भाचीने मध्यंतरी वर्मावर बोट ठेवलं. "मावशी, तू तासाला किती कमावतेस ते कधी काढलंस का?" काढलं नव्हतं. काढलं. एका लेखाला सरासरी सहा तास धरले तर ५८ लेखांचे झाले ३४८ तास. ३८६ डॉलरमधून लेखक म्हणून मीच भरलेली सभासदत्वाची दोन वर्षांची वर्गणी, १०० डॉलर, वजा. उरले २८६. म्हणजे तासाला ८२ सेंट, तेही कर आणि बँकेची कापणी धरायच्या आधी. भाची म्हणाली, "यापेक्षा माझ्या फायली लावून दे, मी डॉलर देते."

हा आकडा पाहिल्यावर मी दोन गोष्टी बदलल्या. डॅशबोर्ड महिन्यातून एकदाच, पाच तारखेला उघडते. आधी सकाळी डोळे उघडले की तोच, दात घासायच्या आधी. आणि तीन रविवार खाणारे लेख पेवॉलच्या बाहेर ठेवते, म्हणजे ज्याला हवं तो वाचेल. कमवायचं असेल तर दीड तासाच्या आत संपणारं, कोणाच्या तरी अडलेल्या सेलमधून निघालेलं लिहायचं. गेल्या तीन महिन्यांत असे नऊ लिहिले, त्यांतल्या चारांनी प्रत्येकी दहा डॉलरच्या वर दिले. तासाच्या हिशेबात हे बरंच बरं आहे.

कोणी सुरू करणार असेल तर लेख थेट साइटच्या एडिटरमध्ये लिहू नका, आपल्या फाइलमध्ये लिहा आणि तिथे चिकटवा. साइट सगळे लेख एकत्र डाउनलोड करू देत असेल तर दर दोन-तीन महिन्यांनी करून ठेवा. बँक, फॉर्म आणि ओळखपत्र, तिन्हीकडे नाव अक्षरशः सारखं लिहा. नोकरी सोडायचा विचार मात्र कमाईचा आलेख पाहून करू नका, विशेषतः तो चढता असताना.

वर्गणी मी तिसऱ्या वर्षासाठी भरणार आहे का, हे अजून ठरलं नाही. काल मात्र कामावर एकाची तारखांची भानगड पाहिली: अर्ध्या ओळींत आधी दिवस, अर्ध्यांत आधी महिना, आणि बेरीज काही केल्या जुळत नव्हती. त्याला सोडवून दिलं आणि जाता जाता म्हटलं, ती फाइल मला पाठव, नावं काढून.